स्प्रिंगला हात लावण्याआधी

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की गाडीचे पुढचे स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेले खांब, घरी बदलता येतात, पण स्प्रिंग दाबायचं आणि मोकळी करायचं काम त्यातून वेगळं काढावं. सस्पेन्शनचंच काम करत माझी सगळी नोकरी गेली, आता नव्या मुलामुलींना ते शिकवते, म्हणून या एका मुद्द्यावर मी हट्टाने बोलते. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेते आहे.

प्रश्न : ताई, माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही स्ट्रटमधून तेल येतंय. ब्रेक पॅड, फिल्टर, बॅटरी ही कामं मी स्वतःच करतो. नवे स्ट्रट आणून ठेवलेत, स्प्रिंग जुन्याच घालणार आहे. मित्राकडे दोन दांड्यांचा, आकड्यांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) आहे. तो वापरून हे काम घरी जमेल का?

उत्तर : आधी ते तेल नीट बघा. स्ट्रटच्या वरच्या भागात ओलसर थर आहे आणि त्यावर धूळ बसली आहे, एवढंच असेल तर घाई नको. स्ट्रटमधला दांडा वर-खाली होताना सीलमधून थोडं तेल बाहेर येणारच, ते तिथे असावंच लागतं. पण ओघळ खाली स्प्रिंगच्या बशीपर्यंत, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते तिथपर्यंत, आले असतील, पुसल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा येत असतील, तर स्ट्रट संपला. दोन्ही बाजूंना तसंच असेल तर तुमचा निर्णय बरोबर आहे.

आता कॉम्प्रेसर. तो तुमच्या हातात येईल तेव्हा सगळ्यात आधी आटे बघा. चुरा भरलेला, कुठे चकाकी आलेली, कुठे धार गेलेली दिसली तर तो परत द्या. आटे चांगले असतील तर पुसून त्यांना ग्रीस लावा. मग आकडे बघा. आकड्यात स्प्रिंगची तार पूर्ण बसली पाहिजे, टोकावर टेकून राहता कामा नये. आकड्याला अडकवायची पिन किंवा पट्टी असते, बऱ्याच जुन्या कॉम्प्रेसरमधून ती हरवलेली असते. पिन नसलेला कॉम्प्रेसर वापरू नका. आणि तो किती वजनापर्यंत चालतो ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर माझ्या दृष्टीने तो चालतच नाही.

एवढी कडक का बोलते, ते हिशोब करून सांगते. समजा तुमची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन जोर लागतो. हा लहान गाडीचा साधारण हिशोब झाला. ती १२० मिलिमीटर दाबली की जोर होतो ३००० न्यूटन, म्हणजे ३०० किलोपेक्षा जास्त. त्या वेळी स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा १८० ज्यूल असते. १८ किलोचं वजन एक मीटर उंचीवरून सोडलं तर जेवढा तडाखा बसेल, तेवढी. फरक इतकाच की वजन खालीच पडतं, स्प्रिंग मात्र तोंड असेल त्या दिशेला जाते, आणि काम करणाऱ्याचं डोकं बहुतेक वेळा तिच्यावरच वाकलेलं असतं.

म्हणून स्ट्रट आडवा धरा किंवा शिकंजात पकडा, पण स्प्रिंगच्या दोन्ही तोंडांच्या रेषेत कोणी नको. तुम्ही नको, मदतीला आलेला नको, बघायला आलेली मुलं तर अजिबात नकोत. डोळ्यांवर गॉगल हवा. स्प्रिंगवरचं तेल-माती पुसून घ्या, कारण आकडा घसरतो तो बहुधा चिकट तारेवरूनच. दोन्ही दांडे बरोबर समोरासमोर लावा आणि जितके जास्त वेढे पकडता येतील तितके पकडा. मग पान्याने एका बाजूला दोन-तीन फेरे, लगेच दुसऱ्या बाजूला तेवढेच. एअर गन किंवा बॅटरीवरची गन लावू नका. ती एका बाजूला भराभर पुढे नेते आणि आटे तापवते, शिवाय हाताला काहीच कळत नाही. पान्याने फिरवताना दांडा अडतोय, वाकतोय हे मनगटाला लगेच कळतं. स्प्रिंग एका बाजूला पोट काढायला लागली तर तिथेच थांबा, दोन्हीकडचे फेरे उलटे घ्या आणि आकडे पुन्हा लावा. स्प्रिंगचा ‘टक्’ असा आवाज आला तर हात आधी मागे, मग बघायचं काय झालं ते.

किती दाबायचं? स्प्रिंग बशीतून मोकळी होईपर्यंत, एवढंच. ती हाताने फिरवून बघा. ताण असेल तर हलतही नाही. मोकळी झाली की घासत का होईना पण फिरते, वरचं माउंटिंगही, म्हणजे स्ट्रट जिथे बॉडीला जोडतो तो भाग, खुळखुळतं. ते झाल्याशिवाय माउंटिंगच्या मधल्या नटाला पाना लावायचा नाही. नट सोडताना स्ट्रटचा दांडा सोबत फिरायला लागतो, त्याच्या डोक्यात ॲलन की घालून तो धरा. दांडा पकडीने कधीच धरू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर एक ओरखडा पडला की नव्या स्ट्रटचंही सील काही महिन्यांत जातं.

दाबलेली स्प्रिंग तशीच ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही. एखादा सुटा भाग आणायला बाहेर पडायचं असेल तर आधी ती हळूहळू मोकळी करा.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, जमेल की. जमेलही. तरी माझा सल्ला असा आहे: स्ट्रट गाडीतून घरी काढा, अख्खा उचलून ज्या गॅरेजमध्ये भिंतीला किंवा जमिनीला बसवलेला मोठा स्प्रिंग प्रेस आहे तिथे न्या, स्प्रिंग तिथे बदलून घ्या आणि परत आणून घरी बसवा. तो प्रेस स्प्रिंगला खालून-वरून रुंद जबड्यात धरतो, आकडा घसरण्याचा प्रश्न तिथे फार कमी येतो. कामातला बहुतेक वेळ नट-बोल्टमध्ये जातो, त्याची मजुरी तुमची तुम्हीच वाचवाल. दुसरा मार्ग म्हणजे स्प्रिंग, माउंटिंग, बेअरिंग सगळं बसवून आलेली तयार असेंब्ली घ्यायची. तुमच्या गाडीसाठी चांगल्या प्रतीची मिळत असेल तर जुन्या स्प्रिंगला हात लावायचीच गरज उरत नाही.

काढताना दोन-तीन गोष्टी. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटला क्लिपने बांधलेली असते, ती आधी सोडवा. लिंक रॉडचा (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणाऱ्या बारीक दांड्याचा) नट फिरवताना बॉलही फिरत असेल तर त्याच्या टोकालाही ॲलन की बसते. खालचे दोन जाड बोल्ट नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जोडलेले असतात. ते काढण्याआधी नकल आणि स्ट्रट कुठे जुळलेले आहेत तिथे रंगाने किंवा खिळ्याने खूण करा, काही गाड्यांत चाकाचा कल याच बोल्टने ठरतो. बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला कलंडतं. ते तारेने किंवा पट्ट्याने आतल्या बाजूला बांधून ठेवा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळलं तर पाइप गेला, आणि फार बाहेर ओढलं गेलं तर ॲक्सलचा आतला जॉइंट आतल्या आत सुटतो. वरचे तीन नट सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा एका हाताने स्ट्रट धरलेला हवा. तो वाटतो त्यापेक्षा जड असतो.

प्रश्न : बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या वर मधोमध एक मोठा नट दिसतो. मी कुठेतरी पाहिलं की तो गाडीवरच सैल करून घेतला तर नंतर सोपं जातं. हे बरोबर आहे का?

उत्तर : काही अनुभवी लोक गाडी चारही चाकांवर उभी असताना तो नट पाव फेरा ढिला करून घेतात, कारण नंतर स्ट्रट हातात आल्यावर दांडा फिरत राहतो. मी मात्र हे कोणाला शिकवत नाही. पाव फेऱ्याचा अर्धा होतो, अर्ध्याचा दोन होतात, आणि स्प्रिंगला रोखून धरणारा तेवढा एकच नट तिथे आहे.

तो एकटा का आहे, हे समजलं की भीती योग्य जागी बसते. अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात ही रचना मांडली आणि १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमुळे ती पसरली. शॉकअप, स्प्रिंग आणि स्टिअरिंगचा फिरता टेकू असं सगळं एकाच खांबात आणलं. वरचा आर्म गेला, जागा वाचली, खर्च कमी झाला. पण त्यामुळे दाबलेली स्प्रिंग खालच्या बशीत आणि वरच्या माउंटिंगमध्ये अडकून बसली, आणि त्या दोघांना बांधून ठेवतो तो हाच नट. त्याच्याभोवतीचे तीन छोटे नट फक्त स्ट्रटला बॉडीशी जोडतात. ते काढायचे. मधला काढायचा नाही. नव्या माणसाने बॉनेट उघडलं की मी त्या मधल्या नटावर लाल टेपचा तुकडा लावायला सांगते. स्ट्रट प्रेसवर जाईपर्यंत ती टेप निघत नाही.

प्रश्न : स्ट्रट बदलताना गाडीखाली जावंच लागत नाही, बाजूला बसून काम होतं. मग नुसत्या जॅकवर गाडी ठेवली तर काय बिघडलं? जॅक स्टँडचा वेगळा खर्च कशाला?

उत्तर : तुम्ही गाडीखाली नसता, पण दोन्ही हात चाकाच्या पोकळीत असतात, डोकं फेंडरखाली असतं, आणि तुम्ही एका जाम झालेल्या बोल्टवर अंगाचा सगळा भार टाकून गाडीलाच धक्के देत असता. जॅकवरून गाडी निसटायला याहून चांगली संधी नाही. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही. जॅकने उचलायचं, स्टँडवर ठेवायचं, हे दोन वेगळे टप्पे आहेत.

जमीन सपाट आणि कडक हवी. उन्हात मऊ झालेल्या डांबरावर किंवा मातीवर स्टँडचे पाय रुततात. गाडीच्या पुस्तिकेत जॅक लावायच्या जागा दाखवलेल्या असतात, स्टँडही त्या किंवा तिथे सांगितलेल्या जागांवरच टेकवा. मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचर लावा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून घ्या. गाडी स्टँडवर बसली की तिला हाताने जोरात हलवून बघा. ती पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सारून ठेवा. आणि स्टँडच्या जागी विटा किंवा सिमेंटचा ब्लॉक नको. ते हळूहळू दबत नाहीत, एका क्षणात फुटतात.

प्रश्न : उजवीकडची पुढची स्प्रिंग खालच्या वेढ्याजवळ तुटली आहे. गाडी तशी चालतेय. एकच स्प्रिंग बदलली तर चालेल ना?

उत्तर : गाडी चालतेय हे खरं, पण चालवू नका. तुटलेलं टोक बशीतून सरकलं की बऱ्याच गाड्यांत ते थेट टायरला लागतं, आणि वळणावर टायर फाटणं काय असतं हे मी वेगळं सांगायला नको. स्प्रिंग तुटते तीही बहुधा तिथेच, खालच्या बशीत, कारण तिथे पाणी आणि माती साचते, रंग खरवडला जातो आणि गंजलेल्या जागी तडा जातो.

बदलताना दोन्ही बदला. जुनी स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या वजनाने थोडी बसलेली असते. एका बाजूला नवी घातली की गाडी एका अंगाला उंच राहते आणि ब्रेक मारताना दोन बाजूंचं वागणं सारखं राहत नाही. शॉकअपचंही तेच. नव्या स्प्रिंगवर रंगाच्या खुणा किंवा क्रमांक असतो, दोन्हींवर एकच आहे का ते बसवण्याआधी बघून घ्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या स्प्रिंग वेगळ्या असू शकतात.

आणि तुमच्या बाबतीत घरचा कॉम्प्रेसर अजिबात नको. तुटलेल्या स्प्रिंगचे वेढे सरळ रेषेत राहत नाहीत, आकडे कुठे लावले तरी ती तिरकी दबते. ही थेट प्रेसवरच द्या.

प्रश्न : ताई, दोन्ही स्ट्रट, माउंटिंग, सगळं नवीन घातलं. तरी लहान खड्ड्यांवर पुढून ‘टक टक’ येतं, आणि हळू चालताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की स्प्रिंगसारखा ‘टंग’ आवाज. सामान खराब निघालं का?

उत्तर : सामानाला दोष द्यायच्या आधी जोडणी तपासा. तुम्ही सांगितलेले दोन आवाज बहुधा दोन वेगळ्या जागांचे आहेत.

‘टंग’ येतो तो स्प्रिंग उडी मारून फिरते तेव्हा. खालच्या बशीत एक पायरी असते, स्प्रिंगचं टोक त्या पायरीला टेकलं पाहिजे. ते टोक पुढे चढलं असेल, वरचं रबर मुरगळलं असेल किंवा माउंटिंगमधलं बेअरिंग उलटं बसलं असेल, तर स्टिअरिंगसोबत स्प्रिंग फिरत नाही, ताण साठतो आणि मग एकदम सुटतो. एकाने स्टिअरिंग वळवावं, दुसऱ्याने बाहेर उभं राहून, बोटं दूर ठेवून, स्प्रिंगकडे बघावं. ती अडखळत फिरताना डोळ्यांना दिसते. मग स्ट्रट उतरवून प्रेसवर पुन्हा जोडणं आलंच.

लहान खड्ड्यांवरचं ‘टक टक’ मात्र मी आधी लिंक रॉडमध्ये शोधेन. नट घट्ट वाटतो, पण पाना लावताना बॉल फिरत राहिल्यामुळे तो खरा बसलेलाच नसतो. त्यानंतर वरचा मधला नट. तो गनने मारला असेल तर दांडा सोबत फिरतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांत माउंटिंग खेळायला लागतं. हा नट दांडा धरूनच, टॉर्क रेंचने, गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या मापाला बसवायचा असतो. माप गाडीगणिक वेगळं आहे, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नका. स्वतः अडकून बसणारे नट एकदा काढले की नवेच घालायचे.

लोअर आर्मचे (नकलला खालून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट या कामात सैल केले होते का? ते चाक हवेत लोंबकळत असताना आवळले असतील तर आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. सुरुवातीला कुरकुरतं, मग फाटतं. असे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळतात.

हे सगळं झालं की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घ्या. तुमच्या पत्रात तो शब्दच नाही. खालचे दोन बोल्ट उघडले की चाकाचा कोन थोडा तरी बदलतोच, खूण कितीही नीट केलेली असो. नवे टायर एका कडेने खाल्ले जाताना बघवत नाही.

प्रश्न : मी नुकतीच जुनी गाडी घेतली आहे. ती खाली बसलेली दिसावी म्हणून स्प्रिंगचा एक वेढा कापून घ्यायचा विचार आहे. मित्र म्हणतो ग्राइंडरने पाच मिनिटांचं काम आहे.

उत्तर : नको रे बाबा. वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते, चाक खाली लोंबकळलं की ती बशीत सैल पडते, आणि एखाद्या उंचवट्यावरून उतरताना जागेवरून निघू शकते. कापलेलं टोक बशीत नीट बसत नाही ते वेगळंच. ग्राइंडरने किंवा गॅसने तार तापली की स्टीलला दिलेली उष्णताप्रक्रियाच बिघडते, आणि पुढे ती तिथेच तुटते. शॉकअपचा प्रवासही कमी होतो, तो सारखा तळाला आपटत राहतो. खाली गाडी हवीच असेल तर तुझ्या मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप घे, तुझ्याकडच्या नियमांत ते बसतं का आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का ते आधी विचार. पैसे नसतील तर थांब. गाडी आहे तशी छान दिसत असेल.

प्रश्न : मागच्या चाकांना शॉकअप वेगळा आणि स्प्रिंग वेगळी आहे. तिथेही कॉम्प्रेसर लागतो का?

उत्तर : बहुतेक लहान गाड्यांत मागे एक आडवा बीम असतो आणि स्प्रिंग त्याच्यावर नुसती बसलेली असते. तिथे सहसा कॉम्प्रेसर लागत नाही, म्हणूनच घरी शिकायला मागची बाजू चांगली. पण क्रम चुकवू नका. बॉडी स्टँडवर ठेवा, बीमखाली दुसरा जॅक लावून तो किंचित वर घ्या, इतका की शॉकअपच्या बोल्टवरचा ताण जाईल. मग दोन्हीकडचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक अगदी हळू उतरवा. बीम खाली येताना ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे दर थोड्या अंतराला थांबून बघा. जॅक न लावता बोल्ट काढला तर चाक खाली आपटतं, आणि सगळा भार ब्रेकच्या पाइपवर जातो.

स्प्रिंग पूर्ण सैल झाली, हाताने हलू लागली, की मगच ती उचला. तोपर्यंत टॉमीने उचकटायचं नाही. बीम पुरेसा खाली येत नसेल आणि स्प्रिंग अजूनही ताणात असेल, तर तुमची गाडी या प्रकारातली नाही. तेव्हा जॅक पुन्हा वर घ्या, बोल्ट परत घाला आणि गाडी गॅरेजला न्या.

बसवताना स्प्रिंगच्या वरचं आणि खालचं रबर जागेवर आहे ना ते बोटांनी चाचपा. शॉकअपचे बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावर शेवटचे आवळा, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा बघा.